युनिव्हर्सिटीतला यू

आमच्याकडे एकला येक म्हणतात. मीही म्हणायची. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील, आलापल्लीच्या शाळेत मी पाचवीला इंग्रजी शिकवत होते आणि वर्ध्याकडचे हेडमास्तर मला ‘येकवाली बाई’ म्हणून चिडवत. जंगलातल्या बाईनं इंग्रजी शिकवावं हेच त्यांना पचत नव्हतं. चांद्याहून डिप्टी साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर त्यांनी सरळ सांगून टाकलं, वह्यांत चुका निघाल्या तर वर्ग तुमच्याकडून काढून घेईन. त्या वर्गात माझा जीव अडकला होता. आठवडाभर मला धड जेवण गेलं नाही.

साहेब आले आणि हेडमास्तरांनी नेमकी एका पोरीची वही पुढं केली. दोन ठिकाणी त्यांनीच मारलेल्या लाल फुल्या. एग म्हणजे अंडं, त्याच्या आधी ॲन हवं, तर पोरीनं नुसता ए लिहिलेला. युनिव्हर्सिटीच्या आधीही तोच. पाच स्वरांआधी ॲन लावायचं, एवढं साधंसुद्धा बाईंनी शिकवलं नाही, असं ते साहेबांना म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, पहिली चूक कबूल. आमची पोरं येकसारखं येग म्हणतात, तोंडात य आला की ते व्यंजनच, म्हणून ॲन गळालं. ते मी सुधारून घेईन.

“पण दुसरं बरोबर हाये, साहेब. चुकली त लाल पेन्सिल.”

हेडमास्तरांचं तोंड बघण्यासारखं झालं. मी खडू घेऊन तो लांबलचक शब्द फळ्यावर लिहिला. सुरुवातीचा यू कागदावर स्वर, पण म्हणताना आधी य येतो. शेवटचा वाय ‘येस’मध्ये य असतो, इथं मात्र ई होऊन बसतो. अक्षराचं काय घेऊन बसलात, कानानं ऐका, असं सांगून मी साऱ्या वर्गाकडून तो शब्द म्हणवून घेतला. पोरांनी असा काही आवाज लावला की शेजारचा वर्ग आमच्या दारात जमा झाला.

साहेबांनी दुसरी फुली स्वतः खोडली.

“बाई, मी हे अपवाद म्हणून पाठ केलं होतं. का, ते आज कळलं.”

काय सांगू, ऊर भरून आला माझा! दुसऱ्याच दिवशी वेळापत्रकात इंग्रजीसमोर हेडमास्तरांनी स्वतःच्या हातानं माझं नाव लिहिलं. पाचवीला, आणि साहेबांच्या हुकमावरून सहावीलाही.