इंद्रधनुष्य काढून टाकताना

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते करंजाड्याहून सीवूड्सला माझ्याकडे राहायला आले, तेव्हा मी एका मोठ्या साफसफाईत अडकले होते. घर तसंच पसरलेलं होतं. साफसफाई चालली होती ती लॅपटॉपमध्ये.

मी एक सॉफ्टवेअर लायब्ररी सांभाळते. शास्त्रज्ञांकडे आकड्यांचे ढीग असतात. समुद्राचं तापमान, ढगांची उंची, मेंदूचे स्कॅन. त्या आकड्यांची चित्रं काढून देणारा हा कोड. तो कुणाच्या मालकीचा नाही. कुणीही फुकट वापरावा, उघडून बघावा, चुकलं असेल तर दुरुस्त करून पाठवावं. मी पीएचडीसाठी खाडीतल्या गाळावर काम करायचे तेव्हा माझी सगळी चित्रं त्यावरच काढली. एकदा नकाशाच्या कडेचे आकडे उलटे छापले जात होते, ते मी नीट करून पाठवलं. मग आणखी एक पाठवलं. पुढे मूळचे लोक नोकऱ्या, मुलंबाळं, कंटाळा अशा कारणांनी एकेक करून निघून गेले आणि सांभाळायला आम्ही दोघीच उरलो. दुसरी बर्फावर संशोधन करणारी, दक्षिणेकडच्या एका थंड देशातली. तिची संध्याकाळ म्हणजे माझी दुपार. माझं ऑफिसचं काम घरूनच चालतं. आठवड्यातून एकदा जेवणाच्या सुट्टीत मी ताट घेऊन स्क्रीनसमोर बसायचे आणि आम्ही काय ठेवायचं, काय फेकायचं ते ठरवायचो.

फेकण्यासारखं खूप होतं. एकच आलेख काढायच्या तीन तऱ्हा. आता कुणाकडेच नसलेल्या मशिनींसाठी लिहिलेले भाग. ‘तात्पुरतं’ अशी टीप असलेला कोड, जो सगळ्यात जास्त टिकला होता. यातलं काही उडवायला आम्हाला हिंमत लागत नव्हती. अडलं होतं ते रंगांपाशी.

आमच्या लायब्ररीला कुणी रंग सांगितले नाहीत तर ती आपोआप इंद्रधनुष्याचे रंग वापरायची. कमी म्हणजे निळा, मग हिरवा, पिवळा, सगळ्यात जास्त म्हणजे तांबडा. चित्र झकास दिसतं. पण ते थोडं खोटं बोलतं. आकडा सावकाश वाढत असतो आणि हिरव्याचा पिवळा होताना डोळ्याला मात्र तिथे काठ असल्यासारखं वाटतं. शिवाय ज्यांना तांबडा-हिरवा वेगळा ओळखता येत नाही त्यांना अर्धं चित्र वाचताच येत नाही. हे मला माहीत होतं, जशी एखाद्या लांबच्या देशाची राजधानी माहीत असते तसं.

मैत्रिणीचं म्हणणं होतं, बदलून टाकू. गडद निळ्यापासून फिकट पिवळ्यापर्यंत उजळत जाणारी नवी रंगपट्टी तयारही होती. तो विचार आम्ही जाहीर केला मात्र, एका ज्येष्ठ प्राध्यापकांची लांबलचक मेल आली. ते आमची लायब्ररी सुरुवातीपासून वापरत होते. त्यांचं म्हणणं, माझे विद्यार्थी, माझे वाचक, सगळ्यांना तांबडं म्हणजे जास्त हे पाठ आहे. तुम्हाला फॅशन म्हणून रंग बदलायचे असतील, पण माझे जुने नकाशे आणि नवे नकाशे शेजारी ठेवले तर जुळणार नाहीत. त्यांच्यामागून आणखी काही जणांनी री ओढली. मला भांडणाचा कंटाळा. मी मैत्रिणीला म्हटलं, “राहू दे ना. पुढच्या व्हर्जनला बघू. तक्रार करणारे हे आहेत. ज्यांना दिसत नाही त्यांची तर एकही तक्रार आलेली नाही.”

तिच्याकडे खिडकीबाहेर अंधारलं होतं, तिने उठून दिवा लावला, एवढं आठवतं.

त्याच आठवड्यातली दुपार. स्क्रीनवर मी एकच चित्र दोनदा लावलं होतं. माझ्या पीएचडीतली खाडी, तिच्या खोलीचा नकाशा. डावीकडे इंद्रधनुष्यातली, उजवीकडे नव्या रंगांतली. बाबा वॉकर टेकत आले. एका जागी बसणं त्यांना जमत नाही. आमची भातशेती नव्या शहरासाठी घेतली गेली तेव्हापासून त्यांनी पाण्याचा टँकर चालवला, रेतीची कामं घेतली, मग खोल्या बांधून भाड्याने दिल्या. हातात काही नसलं की ते दुसऱ्याच्या हातात डोकावतात.

“काय हाय गो बाय ह्या?”

“आपली खाडी, बाबा. कुठे खोल आहे, कुठे उथळ आहे ते.”

ते खुर्ची ओढून बसले. उजव्या चित्रावर त्यांनी बोट ठेवलं आणि खोल पाण्याच्या रेघेवरून होडी हाकल्यासारखं अलगद वर नेलं. “हितून व्हरी जायची. बरोबर हाय. आनि हितं चिखल. हितं पाय रुततो.”

“आणि ह्या चित्रात?” मी डावीकडे दाखवलं. “तीच खाडी आहे.”

त्यांनी बघितलं. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग बोट आधी तांबड्या पट्ट्यावर ठेवलं, तिथून काठच्या हिरव्यावर. “ह्यात काय समजत नाय. ह्यो नि ह्यो तर एकच हाय.”

मला वाटलं, थट्टा करताहेत. “एकच कसं? हा कुठला रंग, बाबा?”

मी वळून बघितलं. बाबांचा चेहरा मी इतका बंद झालेला कधी पाहिला नव्हता. वॉकरला धरून ते उठले.

“चाय ठेव जरा,” म्हणाले आणि बाहेर गेले.

चहा केला, दिला. त्यांनी बशीत ओतून प्यायला. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलेल्या फेऱ्या मारायला आम्ही सोसायटीच्या आवारात उतरलो. तिसऱ्या फेरीला ते बाकावर टेकले आणि समोर बघतच बोलायला लागले.

“बंदरावरची नोकरी गेली व्हती ना माजी?”

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. जमीन गेली त्या घरांतल्या पोरांना बंदरात घेत होते. बाबांचं नाव क्रेन चालवणाऱ्यांत लागलं होतं. मग कुणीतरी वशिल्याचा घुसला आणि बाबा राहिले. माझे काका अजूनही त्या न पाहिलेल्या साहेबाला शिव्या देतात.

“कोन घुसला नाय बिसला नाय,” बाबा म्हणाले. “डाक्टरनी एक बुक उघडला. त्यात नुसते टिपके. मना म्हनतो, आकडा वाच. मी म्हटला, कुठं आकडा? त्यानी पान पलटला. पुन्ना टिपके. मागं लायनीत आपल्या गावची पोरं उबी. ती धडाधड वाचत व्हती, आट, सहा, एकोनतीस. मना वाटला, ही सगली मिलून माजी मस्करी करतात.”

“मग?”

“मंग काय. डाक्टर म्हनला, तुला रंग दिसत नाय, तुला क्रेन देता येनार नाय. मी म्हटला, दिसतात की. आबाल निला दिसतो. पन मंग घरी येऊन काय सांगनार? डोलं हायत आनि दिसत नाय?”

“आईला सांगितलं नाहीत?”

“तिला सांगावा लागला नाय.” ते पहिल्यांदा हसले. “लगीन झाल्यावर एकदा मी बाजारातून मावरा आनला. तिनी कल्ला उचलून बगितला नि माज्या तोंडाकडं बगितला. तवापासून मावरा तीच आनायची.”

मासळी बाजारात आई मासा ताजा आहे का हे कळायला प्रत्येकाचा कल्ला उचलून आतला लाल बघायची आणि बाबा मागे पिशवी धरून उभे असायचे. आईला सौदा करायला आवडतं म्हणून ते मागे राहतात, असं आम्ही भावंडं समजत होतो. आई गेल्यानंतर बाबांनी मासे आणणंच कमी केलं, त्याचं कारण आम्ही दुःखाला दिलं. ते तसंही असेल. दोन्ही असेल.

वर आल्यावर मी वाचत बसले. तांबड्या-हिरव्याची ही गडबड बापाकडून मुलाकडे जात नाही. ती मुलीकडे येते, पण तिला स्वतःला सहसा काही होत नाही. तिच्यातून ती पुढे जाऊ शकते. म्हणजे मला सगळे रंग दिसतात, आणि बाबांचं न दिसणं माझ्यातही आहे. मला एक मुलगी आहे. तिच्यात ते उतरलं आहे की नाही, ते कदाचित तिच्या मुलांना टोमॅटो आणायला पाठवल्यावर कळेल. हे वाचून भीती वाटली नाही. उलट बाबा एकदम जवळचे वाटले.

पुढच्या कॉलवर मी मैत्रिणीला म्हटलं, “बदलू. ह्याच व्हर्जनला.” तिने कारण विचारलं नाही. मीच सांगितलं.

बदल करायला एक ओळ पुरली. त्याचे परिणाम निस्तरायला मात्र कितीतरी आठवडे गेले. आमच्या लायब्ररीची तपासणी चित्रांनी होते. आधीचं ठरलेलं चित्र आणि आत्ता निघालेलं चित्र ठिपक्याला ठिपका जुळलं पाहिजे. रंग बदलल्यावर शेकडो चित्रं एकदम नापास झाली. प्रत्येक नवं चित्र माणसाने बघून, हो, हे बरोबर आहे, असं म्हणायचं होतं. बाबा शेजारी येऊन बसायला लागले. मी काही बोलावलं नव्हतं.

“ह्या सगला फुकट करतंस?”

“हो.”

“बरा हाय,” म्हणाले. त्यांच्या तोंडून ही शाबासकी आहे की कीव, हे मला आजही सांगता येणार नाही.

एक दिवस साधा आलेख आला. त्यात रंगपट्टीचा संबंधच नव्हता, नुसत्या रेघा. मी पास करून पुढे जाणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, “ह्या दोन कसल्या रेगा?”

“तीन आहेत, बाबा.”

“दोन हायत.”

हिरवी आणि तांबडी पुन्हापुन्हा एकमेकींना छेदून जात होत्या, त्यांना ती गुंतलेली एकच रेघ वाटत होती, आणि छेदल्यानंतर कुठली कुठे गेली हे त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता. हे आमच्या लायब्ररीत पहिल्यापासून असंच होतं. आम्ही दोघींनी नकाशांवर एवढा वाद घातला, पण रेघांकडे पाहिलं नव्हतं. मी तिथल्या तिथे नोंद केली. मैत्रिणीने लगेच विचारलं, कुणाला सापडलं हे? मी बाबांकडे बघितलं.

“माजा नाव टाकू नको हां,” ते म्हणाले. मग स्क्रीनवरच्या रेघांवर बोट ठेवून, “पन तिला सांग, रेगा तुटक-तुटक कर. एक सलग, एक तुटक, एक टिपक्यांची. मंग रंग कंचा पन असू दे.”

तसंच केलं. नव्या व्हर्जनमध्ये ते आहे.

व्हर्जन बाहेर पडलं तेव्हा ओरड झाली, पण वाटली होती तेवढी नाही. जुने रंग आम्ही ठेवले, फक्त ते नाव घेऊन मागावे लागतात. प्राध्यापकांना मी तसं सविस्तर कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं. मला अजूनही पटलेलं नाही, पण नाव घेऊन मागेन. मला ते आवडलं. एका मुलीने लिहिलं की तिच्या लॅबमधला एकजण नवे नकाशे बघून म्हणाला, आता बरं दिसतं, आणि त्याला आधी दिसत नव्हतं हे लॅबमध्ये कुणाला माहीतच नव्हतं. ती मेल मी बाबांना मराठीत वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली.

वॉकर सुटून काठी आली आणि बाबांना घरचे वेध लागले. निघायच्या आधी भाच्याच्या लग्नासाठी शर्ट घ्यायचा म्हणाले, म्हणून स्टेशनला लागून असलेल्या मॉलमध्ये गेलो. दुकानातल्या माणसाने शर्टांची चळत टाकली. मी पुढे होऊन निवडायला लागले, तर बाबांनी माझा हात बाजूला केला. एक शर्ट उचलला, कापड चिमटीत धरून बघितलं आणि त्या माणसाला चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं, “ह्याचा रंग कंचा? मना रंग समजत नाय.”

“मरून आहे, काका.”

“लग्नात चालंल?”

“एकदम चालेल.”

“मंग दे,” बाबा म्हणाले आणि घालून बघायला आत गेले.