विकला गेलेला उर्दू पेपर

अब्बा नांदुऱ्यात एक उर्दू साप्ताहिक चालवत. मजकूर त्यांचा, पण छापखाना आणि पेपर एका कापूस व्यापाऱ्याच्या मालकीचा. त्या भल्या माणसाने कधी एक ओळही बदलायला लावली नाही. तो वारला आणि त्याच्या मुलाने सगळंच एका पुढाऱ्याला विकून टाकलं. निवडणूक तोंडावर आली होती. आमच्या मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेवर मास्तर नाही, हे अब्बा याच पुढाऱ्याला दर अंकात सुनवायचे.

मी तेव्हा मराठी शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. अब्बा मला सोबत घेऊन त्याच्याकडे गेले.

"चाचा, तुमाले कोन काढून राह्यलं?" पुढारी म्हणाला. "संपादक तुमीच. फक्त त्या शाळेचं लिहू नका."

"मास्तर पाठवा. मंग कायले लिहीन?"

"पेपर आता माहा हाये," तो हसत म्हणाला.

अब्बा उठले. मग स्वतःचा पेपर काढायचं त्यांनी मनावर घेतलं. अकोल्याचा एक छापखानेवाला तयार झाला. अब्बा अख्खा अंक लिहून घेऊन गाडीने गेले आणि तोच गठ्ठा बगलेत मारून परत आले. छापखान्यात त्यांच्या आधी पुढाऱ्याचा निरोप पोचला होता.

शुक्रवारी जुना पेपर निघाला. पहिल्या पानावर पुढाऱ्याची तारीफ आणि खाली संपादक म्हणून अब्बांचंच नाव! नमाजानंतर मशिदीसमोर पुढाऱ्याची माणसं तो फुकट वाटत होती. अब्बा लोकांच्या हातातले अंक ओढून घेत, पेनाने आपलं नाव खोडत. "खुदाची कसम, हे मी नाही लिहिलं," म्हणताना त्यांचा आवाज फाटला होता. मी रस्त्यापलीकडून धावत गेले.

त्यांच्या लहानपणच्या दोस्ताने त्यांचा हात धरला. "जाऊ दे भाई. कब्रस्तानची भिंत तोच बांधून देनार हाये."

"तुही नात त्याच शाळेत बसते ना?"

दोस्ताने मान खाली घातली, पण अंक काही हातचा सोडला नाही.

पुढारी निवडून आला. भिंत झाली. पेपर त्याने बंद करून टाकला. शाळेवर शेवटी एक मास्तर आले, त्यांना उर्दू येत नव्हती.

अब्बा दिवसभर घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मी म्हटलं, "शाळेचं मी मराठीत लिहिते, मराठी पेपरला पाठवते."

"लिही बेटा," ते वळून न बघता म्हणाले.

मी लिहिलं. ते कुठेच छापून आलं नाही.