दादाच्या हाडांतला दगड

फोन शेजारच्या इंदूकाकूंचा होता. "शालू, ये व बाई लवकर. सुधाकर..." आणि पुढे नुसतं रडणं. वणीहून आमचं केळापूर तालुक्यातलं गाव काही फार लांब नाही, पण त्या दिवशी बस प्रत्येक फाट्यावर थांबत होती आणि मला ड्रायव्हरचा गळा धरावासा वाटत होता. पोचले तेव्हा दादा खाटेवर होता, मानेखाली आणि पाठीखाली गोधड्यांच्या घड्या लावलेल्या. त्याची पाठ कितीतरी वर्षं सरळ झालीच नव्हती, मेल्यावरही झाली नाही. आलेगेले म्हणत होते, सुटला बिचारा. सुटला कसला! माझा एकुलता एक भाऊ गेला...

दादा यवतमाळला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. खिशात रुमाल नसेल, पण दगड असायचाच. "लोकाचे पोरं पगार घेऊन येतात, मायं पोरगं गोटे घेऊन येते," असं माय साऱ्या गावाला सांगायची, आणि तेच गोटे पदरानं पुसून फळीवर मांडून ठेवायची. त्यातला एक फिकट हिरवा स्फटिक त्याचा फार लाडका. फ्लोरापॅटाइट म्हणतात त्याला. कॅल्शियम, फॉस्फेट आणि फ्लोराइड यांचा मिळून बनलेला. सुपर फॉस्फेटचं खत असल्याच दगडापासून करतात, हे त्यानंच मला सांगितलं. "शालू, हा दगड आपण कपाशीले खाऊ घालतो. टूथपेस्टमधलं फ्लोराइडही दातावर हाच बनवते, म्हणून दात टणक होतात. पण पोटात जास्त फ्लोराइड गेलं ना, तर हाच आपल्याले खाते." तेव्हा तो हसत होता. हसताना आम्ही दोघंही तोंडावर हात धरायचो, कारण आमच्या गावात आमच्या पिढीच्या सगळ्यांचेच दात पिवळे-तपकिरी. कोणी विचारलं, तर दादा म्हणायचा, "आमच्या गावचा शिक्का आहे हो!"

आम्ही लहान असताना गावात हातपंप आला. खोल जमिनीतलं, काचेसारखं पाणी; गावानं पंपाला नारळ फोडला आणि गढूळ विहीर सोडून दिली. त्याच सुमारास दादाला कावीळ झाली. मरता मरता वाचला. पोराला पाणी उकळून पाजा, असं नर्सबाईंनी सांगितलं, आणि मायनं ते व्रतासारखं धरलं. चुलीवर गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढवायची आणि पाणी अर्धं आटेपर्यंत उतरवायची नाही. ते पाणी फक्त दादाचं. मी हात लावला की पाठीत धपाटा! "तुले काय झालं व धोंडीले? त्याले पिऊ दे." मी आपली पंपाचं कच्चं पाणी ढोसत वाढले.

मोठेपणी दादाची मान आखडली, मग पाठ, मग पाय गेले. नोकरी सोडून तो गावी आला. डॉक्टरांनी पाणी तपासायला सांगितलं, तर पंपाच्या पाण्यात खडकातून उतरलेलं फ्लोराइड भरमसाट. पंप बंद झाला, धरणाचं पाणी आलं, पण दादाला त्याचा काय उपयोग? एकदा माय बाजाराला गेली असताना त्यानं मला जवळ बसवलं. म्हणाला, "उकयल्यानं जंतू मरतात शालू, फ्लोराइड नाई मरत. पाणी आटते अन् ते तेवढंच राह्यते. साऱ्या गावापेक्षा घट्ट पाणी मी पेलो. मायं हाड आता तोच दगड होऊन राह्यलं." मला रडूच फुटलं. तो एकदम चिडला. "गप! मायच्या कानावर गेलं तर मायं मेलं तोंड पाह्यशील." नंतर अखेरपर्यंत मायनं उकळलेलं पाणीच तो प्यायचा. "वा माय, गोड लागते," म्हणायचा, आणि तीही खुशीत दुसरा गिलास भरायची.

तेरवी झाली. मी निघाले, तशी माय दारापर्यंत आली. तिनं माझा हात सोडलाच नाही. म्हणाली, "शालू, खरं सांग. म्या एखांद्या दिवशी त्याले उकयल्याबिगर पाणी देल्लं असन का व? वावरातून थकून येत जाओ मी... एखांद्या दिवशी कंटाया केला असन. त्यानंच धरलं असन का त्याले?"

मी म्हटलं, "नाई माय. एक दिवस नाई. तू कधीच चुकली नाईस."

"देवाशपथ?"

"देवाशपथ."

किती दिवसांनी तिचा चेहरा जरा सैल झाला. "मंग ठीक आहे व बाई," म्हणाली, आणि डोळे पुसत आत गेली.

मायला वाचता येत नाही, म्हणूनच हे लिहायची हिंमत झाली. आमच्या गावचं कोणी हे वाचत असेल, तर तुमच्या पाया पडते, तिला वाचून दाखवू नका.