दिराच्या नावानं कुंकू

"वावर पडीक ठेवू न्हाय, म्हाताऱ्या."

माझ्या नवऱ्याच्या तेराव्याला गावचे मालक माझ्या सासऱ्याला म्हणाले. वावर म्हणजे मी.

नवरा फौजेत होता. सीमेवर गेला, तिरंग्यात आला. त्या दिवशी मालकांनी माझ्यापुढं हात जोडले होते. फोटो निघाले. तेराव्याला फोटोवाला नव्हता.

पुरुष जेवून अंगणात बसलेले. मी दाराआड, मांडीवर लेक. धाकटा दीर भरतीची तयारी करणारा, मला वैनी म्हणणारा. खाली मान घालून अंगठ्यानं माती उकरत होता.

"धाकट्याच्या नावानं कुंकू लावा हिला," मालक म्हणाले. "घरची पेन्शन घरात ऱ्हाईल."

"तिला इचारा तरी," कुणीतरी म्हणालं.

"काय पेरू म्हणून वावराला इचारतंय का कुणी?"

हसले सगळे. सासराही हसला. जन्मभर मालकांच्या शेतात राबलेला माणूस. पोराचं तेरावं आहे हे विसरून हसला. मला राग आला तो त्याचा नाही. ज्यांनी त्याला असं हसायला शिकवलं, त्यांचा.

विधवेनं पुन्हा लग्न केलंच तर ते दिराशी केलं तरच पैसा चालू राहील, अशी अट फौजेच्या काही रकमांना खरंच होती. सरकारनं ती काढून टाकली. गावानं नाही काढली.

शेवटच्या सुट्टीत नवरा म्हणाला होता, "माझ्या माघारी पेन्शन तुझ्या नावावर. इथं ऱ्हा, न्हायतर माहेरी ऱ्हा." मी त्याच्या तोंडावर हात ठेवला होता. अभद्र बोलू नका म्हणाले होते. फक्त तोच कायद्याचं बोलला होता.

मी उठले. लेकीला कडेवर घेतलं आणि पुरुषांच्या मधोमध जाऊन बसले.

"लाज सोडली का गं?" आतून सासू ओरडली.

"मालक," मी म्हणाले, "त्यांनी पेन्शन माझ्या नावावर ठेवली. मला कुणाच्या नावावर ठेवलं नाही."

दिरानं पहिल्यांदा मान वर केली.

"मुरुमला माहेरी गेलीस तर छदाम मिळायचा न्हाय," मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन एसटीनं धाराशिव गाठलं. सैनिक कल्याणच्या कार्यालयात विचारलं. नवरा म्हणाला तेच खरं होतं. मालकांनी घातलेली भीती खोटी होती. तशी भीती या जिल्ह्यात किती दारांआड बसली असेल?

सासू-सासऱ्यांना मी उपाशी ठेवणार नाही. द्यायचं ते माझ्या हातानं देते, मालकांच्या ओसरीवरून नाही.

उद्या मी लग्न करीन. किंवा करणार नाही. केलं तर माणूस मी निवडीन आणि पत्रिका मालकांनाही धाडीन. परवानगी मागायला नाही. कळावं म्हणून.