राखीव माळाकाठची येळवस

मी ज्या गावात शिकवतो त्याच्या शिवाराला लागूनच हरणांसाठी राखून ठेवलेला माळ आहे. अहमदपूरहून मोटारसायकलवर येताना शेवटचं वळण घेतलं की गुडघ्याएवढं पिवळं गवत दिसतं आणि त्यात काळवीट उभे असतात. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून त्या दिवशी आम्ही मुलांना घेऊन माळावर जातो. चंडोल जमिनीवरच घरटं करतो, तेव्हा पाऊल जपून टाकायचं, हे इथल्या पहिलीतल्या पोरालाही सांगावं लागत नाही. हरणं हरभऱ्यात शिरली तर लोक डबे वाजवून हाकलतात. कुंपणाच्या तारेत करंट कुणी सोडत नाही. हे गावानं ग्रामसभेत ठरवलं आणि पाळलंही. मला त्याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

पण मागच्या येळवशीला माळ पेटला.

येळवस म्हणजे आमच्या लातूर-नांदेडकडची मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी गाव रिकामं होतं, सगळे शेतात. कडब्याची खोप करून दगडांचे पांडव पुजायचे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे नि ताकातली आंबील खायची, वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवायचं. दिवस मावळताना कडब्याच्या पेंडीचा टेंभा पेटवून पिकाभोवती पळत फेरी मारायची. त्याच टेंभ्याची ठिणगी वाऱ्यानं माळात गेली. गवत जळाल्यावर हरणांनी काढणीपर्यंत हरभऱ्यातच मुक्काम ठोकला. सरपंचबाईंनी ग्रामसभेत स्पष्ट सांगितलं, पुन्हा असं झालं तर लोकांना करंटची तार लावण्यापासून मी अडवू शकणार नाही.

म्हणून यंदा मी परिपाठाला मुलांकडून शपथ घेतली, की आमच्या शेतात टेंभा पेटू देणार नाही. मुलांनी मोठ्यानं म्हटली. मला वाटलं, काम झालं.

त्या आठवड्यातच पाचवीतल्या एका मुलीची आई शाळेत आली. मुलीनं आजोबांना टेंभा धरू नका म्हणून सांगितलं होतं. आजोबांनी नातीशी बोलणं टाकलं होतं आणि पोर जेवताना रडत होती.

"भांडण तुम्हाला करायचं होतं तर तुम्ही यायचं, सर," ती म्हणाली. "लेकराच्या तोंडून कशाला?"

तिचं खरं होतं. म्हाताऱ्या माणसांशी वाद घालायचं धाडस माझ्यात नव्हतं, म्हणून ते काम मी एका पोरीच्या गळ्यात टाकलं होतं, आणि त्याला शिक्षण म्हणत होतो.

शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी गेलो. त्या आजोबांना सगळं गाव आबा म्हणतं. त्यांचं शेत अगदी माळाच्या कडेला. मी वारा, गवत, ठिणगी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "गुरुजी, तुमचं गाव उदगीरकडं न्हवं?"

"हो."

"तिकडं टेंभा कोण धरतंय?"

"मीच धरतो, आबा. दरसाल."

आतून आजीचा आवाज आला, "म्हंजी ह्यांचा तो टेंभा, अन् आमचा वणवा."

आबा हसले. मीही हसल्यासारखं केलं. आमच्या शेताजवळ माळ नाही, हे सांगता आलं असतं. पण शपथ घेताना मुलांना तरी मी ते कुठं सांगितलं होतं? मी म्हणालो, उद्या मुलांना शपथेतून मोकळं करतो.

"करा. पर माळ आमचाबी हाय अन् टेंभाबी आमचाच हाय," आबा म्हणाले. "औंदा येळवस हितं करा. टेंभा तुमीच धरा. गवताचं आमी बघतो."

दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी मुलांना सगळं सांगितलं, माझ्या टेंभ्यासकट. मुलं पोट धरून हसली. यंदा घरी येत नाही म्हणून धाकट्या भावाला फोन केला तर तो रुसला. घरचा टेंभा टाकून लोकांचा धरायला निघालास, म्हणाला.

आबा मग बांधाबांधानं फिरले. वनरक्षकाला विचारून माळाच्या कडेनं बैलगाडी जाईल एवढ्या रुंदीचं गवत कापलं गेलं. ते वैरण म्हणून घरोघर गेलं आणि मोकळ्या पट्ट्यावर वखर फिरून नुसती माती उरली. यात मी फक्त भारे उचलायला हात लावला.

येळवशीला बायकामुलांना घेऊन गेलो. भज्जी इतकी वाढली गेली की पळायचं कसं, ही चिंता. दिवस टेकला तसा आबांनी पेटता टेंभा माझ्या हातात दिला. मी निघालो. ज्वारीची बाजू सरली, माळाची बाजू आली आणि वारा नेमका गवताकडे सुटला. ठिणग्या डोक्यावरून पलीकडे जायला लागल्या. माझे पाय थांबले.

तेव्हा ते दिसले. वखरलेल्या पट्ट्यावर थोड्या थोड्या अंतरानं माणसं उभी होती, प्रत्येकाच्या हातात ओलं पोतं. मागच्या साली हरभरा गेलेलेही त्यात होते. त्यांना तिथं उभं राहायला मी सांगितलेलं नव्हतं. एक ठिणगी गवताच्या तोंडाशी पडली. शाळेत आलेल्या त्या आईनं तिच्यावर पोतं आपटलं.

"पळा सर, थांबू नका," ती म्हणाली. "आमी हाव."

मी फेरी पुरी केली आणि टेंभा पाण्याच्या पिंपात विझवला. शेजारच्या रानात दुसरा पेटला, तशी ती पोतीवाली माणसं तिकडे सरकली. मग त्याच्या पुढच्या रानाकडे. शेवटच्या वेळी मीही एक पोतं घेऊन उभा होतो.

अंधार पडता पडता वनरक्षक मोटारसायकलवर आला. उभं गवत बघून त्यानं विचारलं, यंदा टेंभे बंद केले का?

सरपंचबाईंच्या खांद्यावर अजून ओलं पोतं होतं, लुगडं चिखलानं भरलेलं. "बंद कशाला करावं?" त्या म्हणाल्या. "येळवस झाली, अन् माळबी जागेवर हाय. गाडी लावा तिकडं. आंबील घेतल्याबिगर जायचं न्हाई."