पंपघरामागचं रोप

आमच्या कॉलेजच्या सभागृहात मला हल्ली पाऊल टाकवत नाही. तिथे गेलं की त्या दिवशीच्या पाहुण्यांची किळस येते, प्राचार्यांची येते, आणि माझी स्वतःची तर सगळ्यांत जास्त येते.

मी कार्यालयातली मुख्य लिपिक. सांगणार आहे ते मात्र वाळवणकाकांबद्दल. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं परिचर. पानं-फुलं जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवायची आणि जाड कागदावर दोऱ्याने टाचायची, हे त्यांचं काम, म्हणून हे नाव पडलं. मुलं चिडवायची, "काका, आम्ही इथे झोपलो तर आम्हालाही वाळवाल." काका मान वर न करता म्हणायचे, "तुमच्यात पाणी फार. बुरशी धरेल."

काका दहावी नापास. पण एका नामवंत पर्यावरणतज्ज्ञांची तिन्ही पुस्तकं त्यांनी ग्रंथालयातून इतक्यांदा नेली, की कार्डावर शिक्का मारायला जागा उरली नव्हती. त्यातल्या एका पुस्तकात एका रानफुलावर अख्खं प्रकरण आहे. जमिनीला चिकटलेलं एकच पान, वर्षातून बारा दिवस पांढरा तुरा, आणि जागेवरून हलवलं की मेलंच. आपल्या भागातून ते नाहीसं झालं, असं त्यात लिहिलंय. काकांना ते अकरा वर्षांपूर्वी पंपघरामागे सापडलं होतं. त्यांनी शेजारी तारेला एक पत्र्याची पाटी अडकवली: 'दुर्मिळ. तोडू नये.' आणि गप्प बसले. लोकांना सांगितलं की लोक बघायला येतात आणि बघता बघता तुडवतात, असं त्यांचं म्हणणं.

पुढे त्याच जागेवर पार्किंग करायचं ठरलं. नेमके त्याच सुमारास ते तज्ज्ञ व्याख्यानाला यायचे ठरले. काका माझ्या टेबलापाशी आले. त्यांना इतकं उतावीळ मी कधी पाहिलं नव्हतं.

"ताई, सरांना पाच मिनिटं पंपघरामागे नेता येईल? एक रोप दाखवायचंय. त्यांनी प्राचार्यसाहेबांकडे नुसता शब्द टाकला, तरी पार्किंग दहा हात सरकेल."

"बघते," मी म्हटलं. कार्यालयात 'बघते' म्हणजे काय, हे कोणाला सांगायला नको.

सरांच्या कार्यक्रमातून पाच मिनिटं काही निघेनात. त्यातच प्राचार्यांनी फर्मान सोडलं, "पुष्पगुच्छ नको. पाहुणे त्यातले आहेत. काहीतरी वेगळं, हिरवं द्या." आणि माझं डोकं चाललं! सरांना चिखलात कशाला न्यायचं? रोपच व्यासपीठावर आणू. काकांचं रोप काकांच्या दैवताच्या हातात. शिवाय कुंडीत गेलं की पार्किंगची कटकटही मिटली. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते की काकांना काही विचारायचं मला सुचलंच नाही.

माळ्याने मात्र विचारलं होतं. कंत्राटावरचा माणूस, फावडं हातात धरून दारात घुटमळत होता. "बाई, पाटी लावलीय तिथे. काकांना एकदा विचारून येऊ का?"

"अजिबात नाही. त्यांना सरप्राइज द्यायचंय. सांगितलंय तेवढं कर."

सभागृह खच्चून भरलं होतं. काका इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे होते. मी त्यांना हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. सत्कार झाला. सोनेरी कागदात गुंडाळलेली कुंडी प्राचार्यांनी पुढे केली आणि पाहुण्यांनी हसत घेतली. त्यांचा अंगठा त्या पानावर गेला आणि तिथेच थबकला. हसू क्षणभर ओठांवर तसंच राहिलं. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे तोंड केलं.

मी कौतुकाने काकांकडे वळले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, एकच होतं," ते म्हणाले.

वर भाषण सुरू झालं होतं. कुंडी टेबलावर, वक्त्यांच्या कोपराशी. पान आधीच मलूल झालं होतं आणि त्याच्या शेजारी उभं राहून तो माणूस म्हणत होता, "एक जात संपते, तेव्हा एक भाषा संपते." टाळ्या. माझ्या मागची प्राध्यापिका डोळे पुसत होती. मागे पडद्यावर चित्रं सरकत होती. प्रत्येक चित्रावर सर दोन-दोन मिनिटं रंगून बोलत होते. एक मात्र आलं आणि गेलं. जमिनीला चिकटलेलं पान, वर पांढरा तुरा. सरांनी बटण दाबून ते झरकन पुढे ढकललं.

काकांनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

चहाच्या खोलीत पाहुणे बिस्किट बुडवत होते. काका समोर जाऊन उभे राहिले. "सर, तुम्ही ओळखलंत."

"हो, ओळखलं." आवाज अगदी मायेचा. "पण भरल्या सभेत काय बोलणार? त्यांनी प्रेमाने दिलं होतं."

"मग आता तरी बोला. कुंडीतलं जाईल, पण त्या मातीत एखादं बी असेल. पार्किंग थांबवायला एक पत्र द्या."

"तुम्ही स्वतः पाहिलंय? आता एखादं तरी रोप उभं आहे तिथे?"

"नाही. एकच होतं."

"मग पत्रात काय लिहू?" असं म्हणून त्यांनी कुंडी काकांच्या हातात दिली. "ही तुम्हीच ठेवा. विमानात फार त्रास होतो." बिस्किटाचा ओला तुकडा त्यांच्या दाढीत अडकला होता.

बाहेर आल्यावर काका थांबले. "ताई, काढलं कोणी?"

माझी जीभ एरवी कात्रीसारखी चालते. वाटलं, सांगून टाकावं. पण या माणसाने माझ्याकडे कायम ज्या नजरेने पाहिलं होतं, ती नजर मला गमवायची नव्हती.

"माळ्याने," मी म्हटलं. "न विचारता काढलं."

माळी नळावर फावडं धूत होता. तीस वर्षांत कोणावर आवाज न चढवलेले काका त्याच्यापुढे गेले आणि त्याच्या पायाशी थुंकले. माळ्याने आधी जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बोलेन म्हणून वाट बघत राहिला.

"चला काका," मी म्हटलं, "तुमचा चहा गार होतोय."