झाकणाच्या आतली अक्षरे

दुसऱ्याने केलेले काम बघायला एडगर होलरॉइड वाकला, की आधी त्याच्या नाकपुड्या फुगायच्या आणि मग तोंडातून एकच शब्द बाहेर पडायचा, "घाण!" पाइपाचा सांधा ओघळलेला असो, रेडिएटर बोटभर तिरका टांगलेला असो, की वायर स्क्रूखाली न दाबता चिकटपट्टीने गुंडाळलेली असो, त्याला सगळ्याची सारखीच किळस यायची. ते नाटक नव्हते. चर्चच्या सभागृहात कुणीतरी बसवलेला पंप पाहून तो एकदा हातातला चहा तसाच ठेवून बाहेर थंडीत जाऊन उभा राहिला होता. "तिथं बसून घोट उतरला नसता," असे नंतर म्हणाला.

इंग्लंडातल्या एलंड गावात आमच्या गल्लीत दगडी घरांची एकच लांब ओळ आहे. एडगर सोळाव्या वर्षी कामाला लागला तेव्हा या घरांतून कोळशाच्या शेगड्या होत्या. पुढच्या वीस वर्षांत त्याने त्यांतल्या बहुतेक घरांना रेडिएटरांतून गरम पाणी फिरवणारे बॉयलर बसवून दिले. बॉयलरच्या पत्र्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तो पेन्सिलीने तारीख आणि 'ई. एच.' लिहायचा. पुन्हा कधी उघडले, की काय केले त्याची एक ओळ खाली. जुन्या फिटरांची ही रीतच होती. घरातल्यांना ती अक्षरे कधी दिसत नाहीत. पुढे जो झाकण उघडेल त्याच्यासाठी ती असतात.

माझ्या समोरच्या घरात विनी बॅराक्लफ राहते. तिचा नवरा स्टॅनली चौऱ्याऐंशीचा. नोव्हेंबरात मागच्या पायरीवर पडला आणि त्याचे खुब्याचे हाड मोडले. जानेवारीत हॉस्पिटलने सांगितले, शुक्रवारी घरी सोडू, पण घर ऊबदार हवे. गुरुवारी दुपारी दोन वाजता नर्स येऊन पाहील. घर गार निघाले तर त्याला ब्रिगहाउसच्या वृद्धाश्रमात हलवतील, तात्पुरते. आमच्या गल्लीतून असे तात्पुरते गेलेले तीन जण मला ठाऊक आहेत. परत कुणी आले नाही.

नेमका तेव्हाच विनीच्या स्वयंपाकघरातला कंट्रोलर बंद पडला. हीटिंग आणि गरम पाणी कधी चालू, कधी बंद, हे ठरवणारा तो भिंतीवरचा डबा. त्यातले घड्याळच थांबले होते. शनिवारी एडगर नवा घेऊन आला. वय एकोणऐंशी, गुडघे कुरकुरणारे, पण हात अजून स्थिर. मीही चहाला तिथेच होते.

"यात एक कागद आलाय बघ," विनी म्हणाली.

"ठेव खणात. साठ वर्षं हेच करतोय मी. आता हा कागद मला शिकवणार?"

चाळीस मिनिटांत डबा भिंतीवर लागला, अगदी ओळंब्यात. एडगरने पाणी आणि हीटिंग दोन्ही चालू केले, प्रत्येक रेडिएटरला तळहात लावून पाहिला आणि केकचे दोन तुकडे खाऊन गेला.

बुधवारी संध्याकाळी मी सूप घेऊन गेले तर विनी ओव्हरकोट आणि हातमोजे घालून खुर्चीत बसलेली. बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

"अगं, हे काय?"

"रविवारपासून गार आहे. पंप घुमतोय, दिवाही लागतोय, पण ऊब नाही."

"मग एडगरला का नाही सांगितलंस?"

"त्याला काय सांगू? त्यानं केलेलं बिघडतं का कधी? मला वाटलं बॉयलरच म्हातारा होऊन गेला. उगाच त्याच्या जिवाला लागेल." त्याच सकाळी तिने बॉयलरच्या कंपनीचा माणूस बोलावला होता. त्याने बॉयलरवर लाल चिठ्ठी चिकटवली होती : वापरू नये. नवा बॉयलर तीन आठवड्यांनी. "माझा स्टॅन जाणार गं ब्रिगहाउसला," ती म्हणाली आणि सुपाकडे बघत राहिली.

मी एडगरला सांगितले. गुरुवारी सकाळी नऊ वाजता तो बॅटरी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर. आधी त्याने लाल चिठ्ठी वाचली. मग झाकणाच्या खालच्या स्क्रूंवर बॅटरी धरली. दोन्ही स्क्रूंवर कोळ्याचे जाळे होते, धूळ बसलेले, एकसुद्धा धागा न तुटलेले.

"विने, तो माणूस किती वेळ होता इथं?"

"पाचेक मिनिटं. हातातल्या फळीवरच्या कागदावर काहीतरी खुणा केल्या आणि चिठ्ठी लावली."

"स्क्रूला हात लावला नाही! न उघडता मेला म्हणून सांगून गेला! घाण. निव्वळ घाण." चिठ्ठीवरच्या नंबरला त्याने तिथूनच, स्पीकरवर, फोन लावला. त्या माणसाचे नाव गॅव्हिन थॉर्प, आवाजावरून पन्नाशीचा वाटला. एडगर इतक्या मोठ्याने बोलत होता की मी खिडकी लावून घेतली.

"झाकण न काढता बॉयलर बघतोस? मग डोळे तरी कशाला आणतोस बरोबर?"

"हे बघा आजोबा, हीटिंगचा दिवा लागतोय, पंप फिरतोय, बॉयलर पेटत नाही. म्हणजे बॉयलर गेला. यात उघडून काय बघायचं?"

"तुझ्यासारख्याला मी शिट्टी वाजवणारी किटलीसुद्धा हाताळू देणार नाही!" आणि त्याने फोन ठेवला.

मग त्याने स्क्रू काढले. आत, बॉयलर पेटवण्यासाठी कायम जळती ठेवतात ती छोटी निळी ज्योत शांतपणे तेवत होती. एडगर तिच्याकडे पाहत बसला. "जिवंत आहे. पेट म्हणून याला कुणी सांगतच नाहीये," तो पुटपुटला आणि कंट्रोलरकडे वळला. हीटिंगचा दिवा लागलेला. पाण्याचा बंद.

"पाणी कुणी बंद केलं?"

"मीच. रविवारी. एकटीला टाकीभर गरम पाणी कशाला लागतंय? किटली आहे की."

एडगरने कंट्रोलर भिंतीवरून उतरवला, उलटा केला आणि बॅटरी धरली. मागे नखाएवढा खटका होता. नंतर त्याने मला समजावले ते असे : विनीकडची व्यवस्था जुन्या पद्धतीची आहे. बॉयलर पेटवायचा हुकूम फक्त पाण्याच्या तारेतून जातो. जुन्या डब्यात हीटिंग लावले की पाणी आपोआप चालू व्हायचे, वेगळे करताच यायचे नाही. नव्या डब्यात दोन्ही सुटी चालतात. जुन्या घरात ती बांधून टाकायला मागचा खटका सरकवावा लागतो. तो सरकवला नाही आणि पाणी बंद केले, की पंप गार पाणीच घरभर फिरवत राहतो. खटका कारखान्यातून आला तसाच होता. मी खणातला कागद काढला. पहिल्याच पानावर, चौकटीत, जाड अक्षरांत तेच लिहिलेले.

"घाण," एडगर म्हणाला. या वेळी हळू.

"आता कुणाची?" विनीने विचारले.

"माझी."

त्याने नखाने खटका सरकवला आणि डबा जागेवर बसवला. बॉयलर भस्सकन पेटला. पाइप कुरकुरले, ठकठकले. विनीने जिन्याखालच्या रेडिएटरवर दोन्ही हात ठेवले आणि ती तशीच उभी राहिली. तिने पुढे केलेला चहा एडगरने घेतला नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर भिंतीकडे तोंड करून बसला.

दोन वाजता नर्स आली. बर्नडेट तिचे नाव, बोलायला गोड, नजरेने पक्की. तिने थर्मामीटर टेबलावर ठेवला. एकोणीस अंश भरले. विनी हसली. मग बर्नडेट स्वयंपाकघरात गेली.

"आणि हे काय?" तिचे बोट लाल चिठ्ठीवर होते.

"ते चुकून लावलंय," मी म्हणाले.

"असेल हो ताई. पण ज्यानं लावलं त्यानंच काढायला हवं. ही चिठ्ठी असताना मी स्टॅनलीकाकांना या घरात पाठवू शकत नाही. चारपर्यंत मला हॉस्पिटलला कळवायचंय."

तिघीही जिन्याकडे बघायला लागलो. एडगर उठला तेव्हा त्याला कठड्याचा आधार घ्यावा लागला. त्याने पुन्हा स्पीकरवर फोन लावला.

"थॉर्प? होलरॉइड बोलतोय. सकाळचा."

"आता काय राहिलं बोलायचं?"

"बॉयलर ठीक आहे. बिघाड कंट्रोलरमध्ये होता. तो मी बसवला होता. मागचा खटका मी बघितला नाही."

"सकाळी मला काय काय म्हणालात, आठवतंय का आजोबा?"

"सगळं आठवतंय. ते खरंच होतं. आता मलाही तेच लागू आहे. माझ्यासाठी येऊ नकोस. एका म्हाताऱ्याला उद्या घरी यायचंय. त्याच्यासाठी ये."

सव्वातीनला थॉर्प आला. कुणाशी न बोलता गुडघे टेकून बसला आणि या वेळी त्याने झाकण काढले. ज्योत पाहिली, धुराची वाट तपासली, हातातल्या मोजणीच्या यंत्रावरचे आकडे बर्नडेटला दाखवले आणि चिठ्ठी ओढून काढली. झाकण परत लावताना त्याची नजर आतल्या बाजूला गेली. १९७९ पासूनच्या ओळी. तो त्या वाचत राहिला.

"हे सगळं तुम्ही लिहिलंय?"

एडगरने कानावरची पेन्सिल काढून त्याच्यापुढे धरली. "आज तू उघडलंस. तू लिही."

थॉर्पने लिहिले. मग एडगरने पेन्सिल परत घेतली आणि त्याखाली, त्याच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात, एक ओळ घातली : 'खटका बघितला नाही. चार दिवस घर गार. ई. एच.'

"अरे, हे कशाला लिहितोस?" विनी म्हणाली. "आत कोण बघायला जातंय?"

"पुढचा बघेल."

शुक्रवारी स्टॅनली आला. दोन माणसांनी धरून त्याला खिडकीपाशी बसवले. त्याने शेजारच्या रेडिएटरवर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. संध्याकाळी एडगर आला तो टोपी हातात धरूनच. विनीने काही सांगायच्या आत त्याने स्टॅनलीला सगळे सांगून टाकले, खणात टाकलेल्या कागदासकट.

"म्हणजे माझ्या बायकोला तू चार दिवस गारठवलंस," स्टॅनली म्हणाला.

"हो."

"आणि मी ब्रिगहाउसला जाता जाता राहिलो."

"हो."

"बस मग. केक आहे."

एडगर बसला. शनिवारनंतर पहिल्यांदाच त्या घरात त्याने चहा घेतला. अर्धा कप झाल्यावर मात्र त्याला राहवले नाही. माझ्याकडे वाकून, विनीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तो म्हणाला, "पण त्या थॉर्पचं अक्षर बघितलंस का तू? माझ्या ओळींखाली? घाण!"